होमस्टेची भिंत: रंगाआधी पाणी थांबवा

काशीदला होमस्टे काढायचा विचार असेल, तर एसी कुठला घ्यायचा हे नंतर बघू. आधी भिंत बघा.

जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक कमी, म्हणून खोल्या बंद. बाहेर समुद्राची दमट हवा, जांभ्याच्या भिंती पाणी प्यायलेल्या, आत गाद्या आणि लावलेली कपाटं. बुरशीला आणखी काय हवं? दिवाळीच्या तोंडावर दार उघडतो, वास येतो आणि मालक पेंटरला फोन लावतो. पैसे बुडतात ते इथेच. बुरशीवर मारलेला रंग टिकत नाही, पोपडे धरतो. आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या कुटुंबात कुणाला दमा असेल, तर त्याची रात्र खराब होते. सकाळी एक स्टारचा रिव्ह्यू पडतो तो वेगळाच.

म्हणून पहिला खर्च पाणी थांबवण्यावर करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरची कौलं-पत्रे उडाले होते. जुनं घर भाड्याने घेत असाल तर छपराची तेव्हाची डागडुजी पक्की आहे का, हे मालकाला सरळ विचारा. पन्हळ, खिडकीवरचा सज्जा, बाथरूमचा पाइप, सगळं तपासा. शक्य असेल तर भर पावसात जाऊन बघा, उन्हाळ्यात सगळीच घरं छान दिसतात!

एक सोपी परीक्षा. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर त्यावर थोडं पाणी टाका. विरघळली तर तो क्षार, म्हणजे लोणा. नाही विरघळली तर बुरशी असण्याची शक्यता जास्त. पण ओल दोन्हीत आहेच.

आता साफसफाई. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा घाला, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. सुकी बुरशी झाडूने झाडायची नाही, तिचे कण खोलीभर उडतात. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने घासा आणि पूर्ण सुकवा. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लिनर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे कामवाल्या ताईंनाही नीट समजावून सांगा, कारण बादली त्यांच्याच हातात असते. गादी आतपर्यंत बुरसटली असेल तर टाकून द्या, जीव नका अडकवू. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, तर जाणकार माणूस बोलवा.

पुढच्या पावसाळ्यासाठी प्रत्येक खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर लावा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली हवा. बाहेर धो धो पाऊस असताना खिडक्या उघडून तो उतरणार नाही, तेव्हा एसी ड्राय मोडवर चालवा. उघडीप मिळाली की दारं-खिडक्या आणि कपाटं उघडा, गाद्या उभ्या करा, फर्निचर भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. काही भिजलंच तर एक-दोन दिवसांत सुकलं पाहिजे.

मालक मुंबईत राहतो आणि घर काशीदला, असं असेल तर हे पावसाळ्यात कोण करणार? गावातल्या तरुणांनो, दर आठवड्याला खोल्या उघडायच्या, मीटरचा फोटो मालकाला पाठवायचा, गळती दिसली तर कळवायची. महिन्याचा दर खोलीप्रमाणे ठरवा आणि जूनच्या आधीच मालकांशी बोलून घ्या.