पाचशे साक्षीदार आणि एक जंत

गेल्या वेळी आपण अनुमानाविषयी बोललो. आज अनुमानाचा एक प्रत्यक्ष खटला पाहू, आणि तोही पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा.

गांडूळ आणि गोम शेजारी ठेवून पाहा. दोघांचंही शरीर खंडाखंडांचं. १९व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी अशा प्राण्यांना एका गटात घातलं, आणि पुढे दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत हेच नातं शिकवलं गेलं. डोळ्यांना दिसणारा पुरावा तसाच होता.

१९९७ साली ‘नेचर’मध्ये ॲना मेरी अग्विनाल्डो, जेम्स लेक आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांनी तपासलं एकच जनुक. पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमच्या एका भागाचं हे जनुक सगळ्याच प्राण्यांत असतं, म्हणून तुलनेला सोयीचं. निष्कर्ष असा की गोम, कीटक, खेकडे यांचे जवळचे नातलग गांडूळ नव्हेत, तर गोल जंत! ज्यांना ना पाय, ना खंड. पण दोघंही वाढताना कात टाकतात. म्हणून गटाचं नाव ठेवलं एक्डायसोझोआ, म्हणजे कात टाकणारे. गांडूळ गेलं गोगलगाय-शिंपल्यांच्या बाजूला.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळं मर्म त्यातच आहे. बऱ्याच जंतांत हे जनुक फार झपाट्याने बदललेलं असतं. या मंडळींनी मुद्दाम सावकाश बदललेला जंत शोधला, ट्रायकिनेला नावाचा.

का बरं? डीएनएची अक्षरं चारच. दोन वंश आपापल्या वाटेने झपाट्याने बदलत गेले, तर अनेक जागी निव्वळ योगायोगाने तेच अक्षर येणार. ते साम्य वारशाचं नव्हे, पण मोजणाऱ्याला ते वारशासारखंच दिसतं. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं की अशा स्थितीत कमीत कमी बदल मानणारी पद्धत, माहिती वाढवत नेली तर, चुकीच्या उत्तराबद्दल अधिकाधिक ठाम होत जाते.

आपल्या नैयायिकांना याचं नवल वाटलं नसतं. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे अनुमान ते नाकारतात, कारण धूर येतो तो इंधन ओलं असेल तरच. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. ‘जिथे अक्षरांचं साम्य तिथे नातं’ यातही उपाधी आहे: बदलाचा वेग बेताचा हवा. तापलेल्या लोखंडाचे शंभर गोळे आणलेत म्हणून धूर निघत नाही.

आता खटल्याची दुसरी फेरी. २००४ साली यूजीन कूनिन यांच्या गटाने ५००हून अधिक प्रथिनं तपासली आणि सांगितलं, माशी जंतापेक्षा माणसाला जवळची. एका जनुकासमोर पाचशे साक्षीदार! पण जंत कोणता? सी. एलिगन्स, प्रयोगशाळेतला लाडका, ज्याचा पूर्ण जनुकसंच १९९८पासून हाताशी होता. नेमका तोच झपाट्याने बदललेला. तुलनेला मुळाशी ठेवलेले सजीव होते यीस्ट आणि वनस्पती, म्हणजे फारच दूरचे. त्या लांबच्या फांदीकडे हा जंत ओढला गेला, आणि माशी व माणूस मागे एकत्र उरले.

२००५ साली एर्व्हे फिलिप आणि सहकाऱ्यांनी १४६ जनुकं घेतली, पण प्राणी ३५ घेतले आणि या ओढीचा परिणाम कमी केला. कात टाकणारे पुन्हा एकत्र आले.

यात एवढं काय अडलंय, असं कुणी विचारेल. शरीराच्या लांबीवर कुठला भाग कुठे हे ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांपैकी काही माशीत आहेत, माणसात आहेत, सी. एलिगन्समध्ये नाहीत. जंताची फांदी आधी फुटली असं मानलं, तर ती जनुकं तेव्हा जन्मलीच नव्हती असं म्हणता येतं, आणि जंत म्हणजे जुन्या साध्या प्राण्याचा नमुना ठरतो. माशी-जंत एकत्र असतील तर जंताने ती गमावलेली असणार. इतर जंतांत शोध घेतला, तेव्हा त्यातली काही सापडली.