बॅटरी बसली, पण दोष कुणाचा?

बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत आणि आजूबाजूच्या टॉवरांमध्ये राहणारे कितीतरी जण सोमवार ते शुक्रवार विरारहून लोकल पकडतात. गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी. शनिवारी अर्नाळ्याला निघावं म्हणून चावी फिरवावी, तर नुसती टकटक! शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून इंजिन सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत नवी बॅटरी बसवलेली असते. पंधरा दिवसांनी तीही बसते.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: आधी मोजा, मग विकत घ्या. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर त्यासाठी पुरतो.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली घसरू नये. भरलेली असूनही घसरत असेल, तर बॅटरीचं वय झालं असं समजा. मग इंजिन चालू ठेवून मोजा. १३.८ ते १४.५ मिळाले, तर अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा डायनामो, काम करतोय. १२.५वर अडकला असेल तर सैल पट्टा, झिजलेले कार्बन ब्रश किंवा उडालेला फ्यूज यांवर संशय घ्या. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरीतलं पाणी आटवून टाकतो. अलीकडच्या काही गाड्यांत मात्र संगणकच चार्जिंग कमीजास्त करतो. तिथे हेडलाइट लावून पुन्हा बघावं.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत कृपा करून कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज इतकं उसळतं की गाडीचा ईसीयू, म्हणजे तिचा संगणक, जळू शकतो.

आमच्याकडे खारा वारा आहे, पावसाळा लांबतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचते आणि उत्तम बॅटरीही मेल्यासारखी वागते. वायर सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून टर्मिनल घासायची, कोरडी झाली की घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावायची. बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टीही तपासा. गंज तिथेही धरतो.

हे सगळं ठीक असेल, तर गाडी उभी असताना कोण वीज खातंय ते शोधावं लागतं. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. मग निगेटिव्ह वायरच्या मध्ये मीटर दहा अँपिअरच्या खाचेत जोडून प्रवाह बघा. तेवढा वेळ सेल्फ मारायचा नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नको. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर २०० मिलिअँपिअर ओढत असेल, तर पाच दिवसांत २४ अँपिअर-तास गेले. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी असते बहुधा ३५ची! मीटर लावलेला ठेवून एकेक फ्यूज काढत गेलं की ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्याच वाटेवर सापडतो.

पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालवून ही तूट भरत नाही. अगदी रिकामी झालेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नये. तोही तापून खराब होतो. ती काढून चार्जरवर सावकाश, हवेशीर जागी भरावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.