दोन ७.६२, पण गोळ्या वेगळ्या

गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली किंवा चकमकीनंतर शस्त्रे सापडली, की बातमीत एक यादी हमखास येते: एके-४७, इन्सास, एसएलआर, .३०३, बारा बोअर, भरमार. ऑक्टोबर २०२५ मधील भूपतीच्या आत्मसमर्पणाच्या बातम्यांतही यातली नावे होती. सोबत ७.६२, ५.५६ असे आकडे येतात. मोठा आकडा म्हणजे जास्त घातक, असा समज करून आपण पुढे वाचतो. तो चुकीचा आहे.

आकडा सांगतो ती नळीच्या आतली रुंदी, तीही ढोबळ. .३०३ हे माप इंचात, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. ७.६२ हे मिलिमीटरमध्ये. एके-४७ आणि एसएलआर दोन्ही ७.६२ च्या, पण एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. पूर्ण नावे पाहिली की कारण कळते: ७.६२ गुणिले ३९ आणि ७.६२ गुणिले ५१. दुसरा आकडा पितळी किंवा पोलादी पुंगळीची लांबी. एसएलआरच्या लांब पुंगळीत दारू जास्त मावते. त्यामुळे तिची गोळी नळीतून सुमारे ३,३०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, एके-४७ ची सुमारे २,००० ज्यूल. (एक किलोचे वजन दहा सेंटिमीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो.)

इन्सासची ५.५६ ची गोळी जेमतेम चार ग्रॅमची. पण वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून ती १,६०० ज्यूलपर्यंत जाते. नेमबाजीच्या सरावातली .२२ ची गोळी जवळपास तेवढीच रुंद, तिची ऊर्जा मात्र दीडशे ज्यूलच्या आसपास.

बारा बोअरचा हिशेब तर निराळाच. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्याहून अरुंद! भरमारीला असे नावच नाही, कारण तिला काडतूसच नसते. दारू आणि छर्रे तोंडाकडून ठासायचे.

जखमी माणूस रुग्णालयात येतो तेव्हा या आकड्यांचा डॉक्टरांना फारसा उपयोग नसतो. एक्स-रेमध्ये गोळीची सावली मूळ आकारापेक्षा मोठी पडते आणि हाडावर आदळलेली गोळी चपटी झालेली असते. त्यामुळे ते आधी रक्तस्राव आणि श्वास पाहतात, गोळीचे माप नंतर.