घराघरांतला इतिहास आणि नगरातील संग्रहालये

इतिहास हा शब्द कानी पडला की सामान्य पुणेकराच्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभा राहतो तो शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. 10 जानेवारी 1730 रोजी वाड्याचा पाया घातला गेला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली आणि वाड्याची शंभरी भरण्यापूर्वीच, 1828 च्या फेब्रुवारीत, लागलेल्या आगीत आतल्या इमारती भस्मसात झाल्या. एवढा वृत्तान्त शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण शहराचा इतिहास दरवाजे आणि बुरूज यांत फार थोडा साठलेला असतो. त्याचा मोठा भाग माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराखालच्या खणात आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या बोलण्यात असतो. हा भाग कोणी पाहायला जात नाही, कारण त्याला तिकीट नाही आणि फाटकही नाही.

आज पुण्यात इतिहासविषयक कार्यक्रमांना तोटा नाही, ही आनंदाची गोष्ट होय. रविवारी सकाळी पेठांतून वारसा-फेऱ्या निघतात, किल्ल्यांवर सहली जातात, दिवाळीत शनिवारवाड्यापुढे पणत्या लागतात. 18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, हे दोन्ही वसंतातल्या व्याख्यानांच्याच मोसमात येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली ज्या शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेथे ऐकायला येणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. परंतु या बहुतेक कार्यक्रमांत नागरिकाला एकच काम असते: पाहणे आणि ऐकणे. त्याच्याकडे काही असेल, त्याला काही सांगावयाचे असेल, हे गृहीतच धरलेले नसते. पुण्याच्या इतिहाससंशोधनाची परंपरा पाहिली तर हा प्रकार उलटा आहे.

पेशव्यांचे दप्तर इंग्रजी सरकारच्या ताब्यात गेले आणि दीर्घकाळ सर्वसामान्य अभ्यासकाला ते दुर्लभच राहिले. त्यातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 45 भागांत छापून निघाले, ते 1930 नंतर. त्यापूर्वीच्या संशोधकांपुढे मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे लोकांच्या दारात जाणे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले ते यासाठी. वाईस त्यांच्या हाती जुने कागद लागले आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पानिपतची हकीकत तोपर्यंत मुख्यतः बखरींवर आणि 1826 साली निघालेल्या ग्रँट डफच्या ग्रंथावर विसंबून होती. आता त्या मोहिमेतल्या माणसांनी त्याच वेळी लिहिलेली पत्रे वाचकापुढे आली. हे कागद कोणी राजाने सांभाळून ठेवले नव्हते. ते एका गावातल्या घरात पडून होते, इतकेच.

मिरजेस शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, तोही पंतोजीच्या तुटपुंज्या पगारात. 7 जुलै 1910 रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, त्यामागे हीच वृत्ती होती. मंडळाच्या पाक्षिक सभांत कोणी एखादा कागद घेऊन येई, तो वाचून दाखवी, त्यावर टिपण सादर करी. जमलेली मंडळी शंका काढीत, भांडतही, आणि मग ते टिपण छापले जाई. (भांडणांत खुद्द राजवाडेही मागे नव्हते. पुढे ते मंडळापासून दूर होऊन धुळ्यास गेले आणि 1926 साली तेथेच वारले.) मंडळाच्या संग्रहात आज लाखांनी कागद आहेत. त्यांतले बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या घरातून आलेले आहेत.

आता कोणी विचारील की कागद घरात राहिला काय आणि कपाटात गेला काय, मजकूर तर तोच? येथेच सामान्य माणसाची गल्लत होते. म्हणून हा मुद्दा जरा विस्ताराने सांगितला पाहिजे.

पेशवाईतले मोडी पत्र उलगडून पाहा. बोरूने, हात न उचलता, शब्दांत अंतर न सोडता लिहिलेल्या ओळी. आरंभीच्या मायन्यावरून लिहिणारा वडील की धाकटा, चाकर की बरोबरीचा, हे कळते. शेवटी ‘छ’ हे अक्षर आणि पुढे मुसलमानी महिन्याची तारीख असते. समजा, छ 12 जमादिलाखर. पण पुष्कळ पत्रांत सालच नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते, ते लिहायचे कशाला! 12 जमादिलाखर दरवर्षी येतो. मग हे पत्र 1757 चे की 1771 चे? मजकुरात एखाद्या स्वारीचा उल्लेख असला तर ठीक; पण ‘पर्जन्य बहुत जाहला, भात बुडाले’ एवढेच असेल तर काय करावे? अशा वेळी संशोधक त्याच रुमालातले वरचे आणि खालचे पत्र पाहतो. एकात साल असते, दुसऱ्यात एखाद्या लग्नाचा खर्च असतो, तिसऱ्यात तोच कारकून आणि तेच अक्षर असते. या शेजाऱ्यांच्या साक्षीने बिनसालाच्या पत्राला साल मिळते. म्हणून रुमाल सोडून कागदांची ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी वाटणी करणे, किंवा तीन भावांनी वाटणीत गठ्ठा तीन ठिकाणी नेणे, याने एकही अक्षर न पुसता इतिहास पुसला जातो. कागद शिल्लक राहतात, पण त्यांचे एकमेकांशी असलेले नाते तुटते.

वस्तूंचेही असेच आहे. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण सर्वजण एकदा तरी गेलेलो असतो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी बालपणी निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने हे संग्रहालय उभे केले आणि पुढे ते राज्य सरकारच्या स्वाधीन केले. वीस हजारांवर वस्तू, आणि त्यांत तलवारींपेक्षा मन वेधतात ते दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, कुंकवाचे करंडे आणि पाय घासायच्या वज्र्या! बायकांच्या हातांत रोज असलेल्या गोष्टींना मान देणारा असा संग्राहक आपल्याकडे विरळाच. हे संग्रहालय पाहताना मन प्रसन्न होते. आणि तेथून बाहेर पडताना सहजच आपल्या घरातल्या पितळेची आठवण होते.

त्या पितळेकडे जरा नीट पाहावे. आपल्याकडे लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी तारीख. एखाद्या कुळाची माहेरे, सोयरिकी आणि नोकरीनिमित्त झालेली स्थलांतरे चार घंगाळांवरून आणि एका बंबावरून सांगता येतात. स्त्रीचे माहेरचे नाव जेथे कागदोपत्री क्वचितच उरते, तेथे ते तांब्याच्या हंड्यावर कोरलेले सापडते. आणि आपण काय करतो? जागा होत नाही म्हणून तो हंडा मोडीत घालतो. कागद मोडीत म्हणून वाचता येत नाही आणि भांडे मोडीत म्हणून उरत नाही, अशी आपली दुहेरी अडचण आहे!

तो हंडा घडविणाराही शहराच्या इतिहासात यायला हवा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीचा नाद अजून ऐकू येतो. तेथील मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके उमटविण्याची कला, कोणत्याही दप्तरात लिहिलेली नाही; ती हातात आणि जिभेवर आहे. हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण कागद जमा करणाऱ्या परंपरेत मुळातच एक उणीव राहून गेली. कागद राहिले ते ज्यांना लिहिता येत होते आणि ठेवायला वाडा होता त्यांचे. इनामदार, सावकार, कारकून यांची पत्रे आपल्याकडे ढिगांनी आहेत. कुंभार, तांबट, महार, मोलकरीण यांची नाहीत. त्यांचा इतिहास विचारूनच घ्यावा लागतो, आणि तो विचारायची मुदत माणसाच्या आयुष्याएवढीच असते.

विचारून घेतलेले सगळेच खरे मानायचे काय? नाही. पुण्यातला बाहुलीचा हौद घ्या. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली गेलेल्या आपल्या लहान मुलीच्या, काशीच्या, स्मरणार्थ तो बांधविला. मुलीला शिकवितात या रागापोटी नातलगांनीच तिला खाण्यातून काचा दिल्या, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अशी कथा ऐकल्यावर दोन चुका होतात. एक तर ती शिलालेखासारखी प्रमाण मानली जाते, नाही तर ‘पुरावा नाही’ म्हणून झिडकारली जाते. योग्य रीत अशी की कथा कोणी सांगितली, त्यांनी कोणाकडून ऐकली, केव्हा ऐकली, हे सारे शब्दशः टिपून ठेवावे आणि तिच्यावर ‘ऐकीव’ असा स्पष्ट शेरा मारावा. पुढे मागे एखादे पत्र, एखादे वर्तमानपत्र सापडले तर ताडून पाहता येते. शिवाय कथा तपशिलात चुकली तरी त्या काळी मुलीला शिकविण्याची लोकांना काय धास्ती वाटत होती, हे ती सांगतेच.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याची गोष्ट ताजी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली जेथे मुलींची शाळा काढली, तो वाडा कित्येक वर्षे पडीक राहिला, कोर्टकज्ज्यात अडकला आणि अखेर डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हावे हे उचितच आहे. पण वाड्याचे लाकूड आणि दगड यांबरोबर शेजारपाजारच्या घरांतून आलेली सांगोवांगी, तेथे कोण राहत होते, कोणाची दुकाने होती, याची नोंदही त्या स्मारकाला लागेल. आणि ती कंत्राटदाराकडून मिळणारी वस्तू नव्हे.

आपत्ती नेहमीच पाडकामाच्या रूपाने येते असेही नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. माणसे गेली, घरे गेली, हे आपण जाणतो. घरांबरोबर त्यांतली दप्तरे, फोटो, जमाखर्चाच्या वह्या किती गेल्या याची मोजदाद होणे शक्यच नव्हते. कारण त्या आहेत अशी नोंदच आधी कोठे नव्हती.

तेव्हा करावे काय? घरात जुना रुमाल असेल तर सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेवावेत आणि क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने घालावेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. हल्ली कागद प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करण्याची हौस आहे, तिने तो कायमचा बिघडतो. धुतलेला सुती कापडाचा तुकडा आणि आत वेखंड, ही आजीची रीत पुष्कळ बरी. नाव घातलेले भांडे चिंचेने घासघासून अक्षरे झिजवू नयेत. आणि प्रत्येक गोष्टीबरोबर एक चिठ्ठी असावी: कोणत्या घरची, कोणत्या गावची, घरात कशी आली. ही चार ओळींची चिठ्ठी नसली तर उत्तमातला उत्तम समईचा नमुनाही संग्रहालयात मुका उभा राहतो.

पुष्कळ लोक कागद दाखवायला कचरतात. वतनाचा, जमिनीचा, भाऊबंदकीचा वाद निघेल ही भीती जुनी आहे; दारोदार हिंडणाऱ्या संशोधकांना तिने पूर्वीही पुरते छळले. पण आता कागद घरचा घरीच ठेवून त्याची छायाचित्रे तेवढी संस्थेला देता येतात, ही मोठी सोय झाली आहे. संग्रहालयांनी आणि फेऱ्या काढणाऱ्यांनी एवढेच करावे की कार्यक्रमाच्या जागी कोपऱ्यात एक टेबल मांडावे, तेथे मोडी जाणणारा एक माणूस आणि नोंदवही घेतलेला एक तरुण बसवावा. मोडीचे वर्ग पुण्यात चालतात. ते शिकून बाहेर पडलेल्यांना याहून चांगला सराव कोणता?

फेरीतही बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या तलावापासून शहरात पाणी आणले. दगडी नळ, केवळ उताराने वाहणारे पाणी, मधून मधून हवेसाठी ठेवलेले उच्छ्वास आणि शेवटी पेठांतले हौद. मुख्य नळाचा मार्ग अभ्यासकांना ठाऊक आहे. पण त्याचे फाटे कोणकोणत्या वाड्यांत गेले होते, ते नव्या इमारतीचा पाया खणताना बांधकाम लागले म्हणजे कळते, आणि बहुधा ते त्याच दिवशी बुजविले जाते. फेरीला आलेल्या पन्नास माणसांत जुन्या वाड्यांत वाढलेली पाचसात तरी असतातच. तुमच्या वाड्यात हौद होता काय, कोणत्या अंगाला होता, त्यात पाणी कोठून येई, ते केव्हा बंद झाले, उन्हाळ्यात त्याची पातळी किती उतरे: एवढे प्रश्न त्यांना विचारून उत्तरे पेठेच्या नकाशावर तेथल्या तेथे मांडली, तर दोनचार मोसमांत पेशवेकालीन पाणीपुरवठ्याचा आज कोणाजवळही नसलेला नकाशा हाती येईल.