शिवारफेरी, शालेय

प्राथमिक शाळेतील, विशेषतः सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन गावशिवारातील माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांचे प्रत्यक्ष निरीक्षण घडविण्याचा शैक्षणिक उपक्रम. वनभोजन व सहल यांहून तो भिन्न आहे. वनभोजनात विरंगुळा आणि सहलीत स्थलदर्शन हा मुख्य हेतू असतो. शिवारफेरीत एखाद्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी शोधावे, अशी अपेक्षा असते. शाळेपासून अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल एवढे शिवार तिला पुरते.

या विचाराची मुळे यूरोपात रूसोच्या एमील (१७६२) या ग्रंथात व त्यानंतर पेस्टालोत्सी आणि फ्रबेल यांच्या कार्यात आढळतात. महाराष्ट्रात त्याला स्वतंत्र रूप दिले ते ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नसे, म्हणून पुढे शाळाच कुरणावर नेण्यात आली व ‘कुरणशाळा’ ही कल्पना रूढ झाली. या मुलांना रान नवे नव्हते. त्यांच्या अंगी असलेल्या रानाच्या ज्ञानाला शाळेने प्रथमच मान दिला, हे या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य होय. प्राथमिक अभ्यासक्रमातील ‘परिसर अभ्यास’ या विषयाने शिवारफेरीस औपचारिक स्थानही मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिले. तथापि व्यवहारात हा विषय पुष्कळदा पाठ्यपुस्तकातील चित्रांवरच भागविला जातो.

परभणी जिल्ह्यात या उपक्रमाविरुद्ध नेहमी येणारा आक्षेप म्हणजे येथे पाहण्यासारखे काही नाही. उत्तरेस जिंतूरकडील डोंगर व दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाचे फाटे सोडले, तर गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश बहुतांशी सपाट, काळ्या मातीचा आहे. वनक्षेत्र अत्यल्प आहे. त्यामुळे शाळांच्या बसगाड्या वेरूळ-अजिंठ्याकडे वळतात. मात्र निसर्ग म्हणजे अरण्य, हा समज लहान मुलांच्या शिक्षणात हानिकारक ठरतो.

काळी माती हाच येथील पहिला पाठ होय. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाण्याने फुगते व वाळताना आकसते. म्हणून फाल्गुन-चैत्रात रानाला भेगा पडू लागतात. भेगेत काठी किती खोल जाते, हे मुलांनी मोजावे (हात घालू देऊ नये, कारण तेथे विंचू-सापांचा आसरा असतो) आणि पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा जावे. भेग मिटलेली असते. मधल्या काळात वरची भुसभुशीत माती आत घरंगळून गेलेली असते. काळी माती, ओढ्याकाठचा गाळ व डोंगराकडील मुरूम काचेच्या तीन पेल्यांत पाण्यासह ढवळून ठेवले, तर कोणते पाणी अखेरपर्यंत गढूळ राहते, हे पहिलीच्या मुलालाही सांगता येते.

जूनच्या मध्यास शाळा उघडते, तेव्हा नुकत्याच झालेल्या पावसाने मखमली लाल मृगाचे किडे जमिनीवर आलेले असतात. त्यांचे पाय मोजण्यास सांगावे. ते आठ भरतात. म्हणजे नावाने किडा असला, तरी हा प्राणी कोळी व विंचू यांच्या कुळातील आहे. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबू लागतात. घरटे मादी विणते, असे नावावरून वाटते. पण विणणारा नर असतो, हे मुले थोड्या वेळात ओळखतात. विहिरीपासून अंतर राखूनच हे निरीक्षण करावे. रब्बी ज्वारी निसवली, की भोरड्यांचे (पळसमैनांचे) थवे उतरतात. मध्य आशिया व पूर्व यूरोपात वीण करणारे हे पक्षी हिवाळा येथे काढतात व एप्रिलच्या सुमारास परततात. शेतकऱ्याच्या लेखी ते गोफणीचे धनी. पण ते कीटकही खातात व पळस-सावरीच्या फुलांतील मधही पितात. एकच पक्षी शत्रू की मित्र, यावर मुलांचे एकमत होत नाही, आणि ते करून देण्याची शिक्षकाने घाई करू नये.

फेरीपूर्वी शिक्षकाने वाट एकदा स्वतः चालून पाहावी. एका फेरीस एकच प्रश्न, पाच-सहा मुलांचा गट आणि दीड तासाहून कमी वेळ हे प्रमाण योग्य ठरते. कठडा नसलेल्या विहिरी व जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा काठ वर्ज्य मानावा. कापसावर वा सोयाबीनवर नुकतीच फवारणी झाली असल्यास त्या बांधाने जाऊ नये; गाजरगवताला हात लावू देऊ नये; आभाळात गडगडाट सुरू होताच परतावे व झाडाखाली थांबू नये. वर्गात गप्प राहणारे गुराख्याचे किंवा मजुराचे मूल बांधावर बोलू लागते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. त्याने सांगितलेले वनस्पतीचे स्थानिक नाव चूक न ठरविता पुस्तकी नावाशेजारी फळ्यावर लिहावे.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) परभणी येथील प्रक्षेत्र उच्च प्राथमिक वर्गांसाठी अधिक उपयुक्त आहे.

फेरीनंतर चित्रे व दिनांक यांची निसर्गवही ठेवतात. तीत पहिला पाऊस, मृगाचे किडे, भोरड्यांचे आगमन अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्यास सोयाबीन व कापसाचे क्षेत्र वाढून ज्वारीचे घटल्यावर गावच्या पक्ष्यांत काय फरक पडला, हे पुढील वर्गांना तपासता येते. जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर स्थलांतर करतात व रब्बीतील फेऱ्यांना मुकतात. जी मुले आजीआजोबांजवळ गावी राहतात, त्यांच्याकडून वहीतील नोंदी चालू राहतात; परतलेल्या मुलांनी उसाच्या फडात पाहिलेले पक्षी, साप व कीटक यांसाठी त्याच वहीत वेगळी पाने राखून ठेवावीत.