प्रौढ वयात परदेशी उच्च शिक्षण

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी मिळवून ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले.

प्रौढ अर्जदाराने मधल्या वर्षांत कोणते काम केले व त्यातून कोणता प्रश्न अभ्यासावासा वाटला, हे अर्जात स्पष्ट लिहावे. गुणपत्रिका आधी मिळवाव्यात. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली स्थापन झाले. त्यापूर्वीच्या बेळगावच्या कला, विज्ञान, वाणिज्य पदवीधरांनी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे अर्ज करावा. खासबागेतील बंधुभगिनींनी वय मोजत न बसता आधी कागद जमवावेत.