पब नाही, अहाता होता

हिरवी पाटी, लाकडी काउंटर आणि गिनेसचे ग्लास हा साचा १९९०च्या दशकापासून डब्लिनहून जगभर विकला गेला. मूळ आयरिश पब साधा. खेड्यात तो अनेकदा किराणा दुकानाच्या पोटातच असे, आणि तिथे गल्लीतला कोणीही बसू शके. मध्य प्रदेशातल्या जबलपुरात त्याचे नाते लष्करी मेसशी जोडायचा मोह होतो, कारण १८७५ मध्ये स्नूकर तिथेच जन्मले असे मानतात. पण मेसचे दार अधिकाऱ्यांपुरतेच उघडे. खरा भाऊबंद दारू दुकानालगतचा अहाता होता. दुकानातली बाटली, थोडा चखना आणि टेकायला जागा, बस्स.

मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२३ पासून अहाते बंद केले. बायकांना तिथे जागा नव्हती, शेजाऱ्यांना त्रास होता, हा आक्षेप खराच. मात्र जुन्या आयरिश पबातही बायका ‘स्नग’ नावाच्या आडोशाला बसत; पुढे पब बदलला, टाळे लागले नाही. इथे दुकाने चालूच राहिली, गेली ती बैठक. २०२५च्या धोरणात सौम्य मद्याच्या बारना वाट मिळाली खरी, पण दहा टक्क्यांपर्यंतच अल्कोहोल असलेल्या पेयांना. क्वार्टरवाल्या गिऱ्हाइकाची तिथे सोय नाही.